सीजे ३बी जीपची पेट्रोल टाकी तळातून गळतेय: कथिलाचा डाग मारावा की नवी बनवावी?

मखमलाबादकर

नमस्कार मंडळी. वडिलांची १९७४ सालची महिंद्रा सीजे ३बी आहे. पेट्रोलवरचं मूळ हरिकेन इंजिन अजून शाबूत आहे. आमच्या शिवारातल्या बाकीच्या जीपा केव्हाच डिझेल झाल्या, कुणी ट्रॅक्टरचं इंजिन टाकलं, कुणी पुजोचं. वडिलांनी आमच्या गाडीला हात लावू दिला नाही. आता त्यांचं वय झालंय, तरी रविवारी गंगापूर धरणापर्यंत चक्कर मारल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. म्हणून गाडी चालती ठेवायची आहे, शोभेला उभी करायची नाही.

अडचण टाकीची आहे. या जीपला टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली, फ्लोअरमध्ये केलेल्या खळग्यात बसते, हे इथल्या बहुतेकांना माहीत असेलच. गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी शेडचं दार उघडताच पेट्रोलचा भपकारा येतो. खळग्यात ओल असते आणि खालच्या भोकातून मधूनमधून थेंब पडतो. पावसाळ्याआधी एका फिटरने टाकी न काढता, खालून हात घालून, पत्रा घासून एम-सील लावलं. पोळ्यापर्यंत टिकलं, मग पुन्हा तेच.

आता तो म्हणतो, टाकी काढू, पाण्याने खंगाळू आणि गॅस वेल्डिंगने ठिगळ मारू, काही होत नाही. दुसरा एक जण जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या पत्र्याची नवी टाकी करून देतो म्हणतो. चुलतभावाने दिल्लीहून तयार टाकी मागवायचं सुचवलंय. वडिलांना मूळ टाकीच राहावी असं वाटतं. मला फक्त खात्रीचं काम हवंय. कुणी केलं असेल तर सविस्तर सांगा. गाडी सध्या शेडमध्येच आहे, पंपाचा स्टार्टर आणि फवारणीचं सामान असतं तिथेच. टाकी अर्ध्याच्या वर भरलेली आहे.

नाशिकरोड_६९

तात्पुरतं सांगतो. कपड्याचा साबण घ्या, कोरडाच, आणि गळतीवर घासून दाबून बसवा. पेट्रोलमध्ये साबण विरघळत नाही. कसारा घाटात टाकीला दगड लागला की आम्ही असंच करून घर गाठायचो. पण पाणी लागलं की साबण गेला, आणि तुमची टाकी तर खळग्यात बसते. गाडी गॅरेजपर्यंत न्यायची असेल तेवढ्यापुरताच उपयोग.

कथील_आणि_शिसं

मखमलाबादकर भाऊ, बाकीचं वाचण्याआधी एक काम करा. गाडी त्या शेडमधून बाहेर काढा. सेल्फ मारू नका, चार माणसं बोलवा आणि ढकलून काढा. शेडची दारं दोन्हीकडून सताड उघडा आणि वास पूर्ण जाईपर्यंत तिथलं एकही बटण दाबू नका. स्टार्टर ऑटोवर असेल तर शेडच्या बाहेरच्या मेन स्विचवरून, खांबाजवळून, लाइन बंद करा. शेतीची लाइट रात्री येते. ती आली की ऑटोवरचा स्टार्टर कुणी हात न लावता खटकन ओढतो आणि त्याच्या पॉइंटवर ठिणगी पडते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, ती वर उडून जात नाही. जमिनीलगत पसरते, कोपऱ्यात साचते. तुम्हाला सकाळी दार उघडल्यावर भपकारा येतो म्हणजे रात्रभर ती तिथे साचलेलीच असते.

आमचं काम रेडिएटर आणि टाक्यांचं, नाशिकातच द्वारकेच्या बाजूला, वडिलांपासून चालत आलेलं. आता मुलगा बघतो. ट्रॅक्टर, ट्रक, मेटाडोर, जीप, सगळ्यांच्या टाक्या हातांखालून गेल्यात. म्हणून कळकळीने सांगतो, ‘पाण्याने खंगाळू आणि गॅस लावू’ म्हणणाऱ्याला ती टाकी देऊ नका. त्याच्या स्वतःच्या जिवासाठीही देऊ नका.

लोकांना वाटतं भरलेली टाकी धोक्याची आणि रिकामी सुरक्षित. उलट आहे. भरलेल्या टाकीत वाफ इतकी दाट असते की तिला पेटायला हवा पुरत नाही. रिकाम्या टाकीत वाफ आणि हवा यांचं नेमकं मिश्रण जमतं. हवेत साधारण दीड टक्का ते साडेसात टक्के पेट्रोलची वाफ असली की ते मिश्रण पेटतं. तुमची टाकी साधारण ४० लिटरची. तिचा दीड टक्का म्हणजे अर्ध्या लिटरच्या आसपास वाफ, आणि तेवढी वाफ व्हायला चहाचा एक चमचा पेट्रोलही लागत नाही. तो चमचाभर पाण्याने खंगाळून निघत नाही. तो शिवणीत असतो, गंजाच्या पापुद्र्याखाली असतो, तळाला बसलेल्या चिकट राळेत असतो. टाकी थंड असताना वास घेतला तर काही येत नाही. ज्योत लावली की पत्रा तापतो आणि लपलेलं पेट्रोल वाफ होऊन बाहेर पडतं, नेमकं ज्योतीसमोर.

आमच्याकडे पद्धत अशी होती. टाकी पूर्ण उपसायची. गेज (पेट्रोलची पातळी दाखवणारा भाग) काढायचा, तळाचा ड्रेनचा नट काढायचा, झाकण काढायचं, सगळी तोंडं उघडी ठेवायची. मग धुण्याचा सोडा घातलेल्या उकळत्या पाण्याने धुवायचं, पुन्हा पुन्हा. नंतर बॉयलरच्या नळीने वाफ सोडायची, सगळ्या तोंडांतून वाफ जोरात बाहेर येऊ लागली आणि पूर्ण टाकी हाताला चटका देईल इतकी तापली तरी थांबायचं नाही, पुढे बराच वेळ चालू ठेवायची. मग ज्या जागी डाग मारायचा तेवढी जागा वर ठेवून बाकी टाकी पाण्याने काठोकाठ भरायची, म्हणजे आत हवेला जागाच उरत नाही. आणि मग डाग, तोही ज्योतीने नाही. तांब्याचा जड सोल्डरिंग आयर्न दूर, दुसऱ्या खोलीत तापवून आणायचा. वडिलांनी दुकानात भट्टी आणि टाक्यांची जागा यांच्यात भिंत घालून घेतली होती. गिऱ्हाईक घाईत असलं तरी वाफ दिल्याशिवाय ते टाकीला आयर्न लावू देत नसत, आणि त्यावरून गिऱ्हाइकं तोडली पण नियम मोडला नाही.

आयर्न वापरला म्हणजे बेफिकीर राहावं असंही नाही. कथील-शिशाचं चांगलं मिश्रण १८३ अंशाला वितळायला लागतं. पेट्रोलची वाफ ठिणगी नसतानाही साधारण २५० ते २८० अंशाला स्वतःहून पेटते. डाग नीट धरावा म्हणून आयर्न त्याहून जास्त तापवावा लागतो. म्हणजे टाकी साफ नसेल तर आयर्नही पुरे आहे.

काही जण टाकीत चालू गाडीच्या सायलेन्सरचा धूर भरतात, की आत ऑक्सिजन राहू नये. धूर सतत वाहता असला तर त्याचा उपयोग होतो, पण त्यावर भिस्त ठेवू नये. आणि आग विझवायच्या सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड टाकीत कधीही फुंकू नका. त्याच्या नळीतून बर्फाचे कण बाहेर पडताना स्थिर वीज तयार होते आणि ठिणगी पडू शकते.

आता गळती. ती टाकीचीच आहे हे आधी ठरवा. गेज पाच स्क्रूंनी बसतो, खाली बुचाचं गॅस्केट असतं, ते वाळून तडकतं. भरायच्या तोंडाचा रबरी पाइप चिरतो. ड्रेन नटखालचा वायसर गेलेला असतो. या तिन्हींपैकी काहीही गळलं तरी पेट्रोल ओघळून त्याच खळग्यात जमतं आणि माणूस तळाला दोष देतो. उघड्या हवेत, सावलीत, टाकी काढून लाकडी ओंडक्यांवर ठेवा. बाहेरून कोरडी पुसा आणि तळाला, शिवणींना, नटाभोवती खडूची पूड चोळा. फळ्यावरचा पांढरा खडू किसला तरी चालतो. मग आत लिटर-दोन लिटर पेट्रोल ठेवून टाकी एकेका बाजूला कलती करा आणि थांबा. जिथून पाझरतंय तिथे पूड आधी करडी पडते, मग तो ओला ठिपका मोठा होत जातो. जुन्या गळतीजवळ तपकिरी, वार्निशसारखा चकचकीत ओघळ दिसतो, तो नखाने निघत नाही. तिथे बोट ठेवा, मूळ तिथेच असतं.

उपसताना प्लास्टिकची बादली वापरू नका, पत्र्याचा डबा घ्या आणि डबा टाकीला तारेने जोडा. बॅटरी आधीच काढून दूर ठेवा. गॅरेजच्या खड्ड्यावर गाडी उभी करून हे काम अजिबात करायचं नाही, वाफ खड्ड्यातच उतरते.

तळ कसा आहे ते कळवा, मग डाग की नवी टाकी ते बोलू.

ओझर_फिटर

वरच्या पोस्टमधलं अक्षर न् अक्षर खरं आहे. मी ओझरला विमानाच्या कारखान्यात आयुष्य काढलं, टाक्यांच्या विभागाशी रोजचा संबंध होता. आमच्याकडे टाकीजवळ जाणाऱ्या माणसाच्या खिशातलं सगळं काढून घ्यायचे. गावाकडच्या गॅरेजमध्ये तेवढी शिस्त नसते, म्हणून ती आपण पाळायची.

एक भर घालतो. टाकीला हवेचा दाब देऊन गळती शोधायची असेल तर कॉम्प्रेसर लावू नका. सायकलचा हातपंप, दाब एक पीएसआयच्या (चौरस इंचाला एक पौंड) आत, आणि साबणाचं पाणी. एक पीएसआय ऐकायला काहीच वाटत नाही, पण तुमच्या टाकीची एक बाजू ३० बाय ४५ सेंटिमीटर धरली तर तेवढ्या दाबानेही त्या पत्र्यावर नव्वद-पंचाण्णव किलोचा जोर येतो. कॉम्प्रेसरने टाकी फुगते, शिवण उकलते, आणि एक गळती शोधताना चार तयार होतात. ही चाचणीही टाकी धुऊन, वाफ देऊन झाल्यावरच.

मखमलाबादकर

मनापासून आभार. गाडी त्याच संध्याकाळी बाहेर काढली. स्टार्टर खरंच ऑटोवर होता. वडिलांना हे वाचून दाखवलं तेव्हा ते काहीच बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी स्टार्टरची पेटी शेडमधून काढून बाहेरच्या भिंतीवर लावायला वायरमनला बोलावलं.

टाकी काढली. खळग्यात चिखलाचा थर होता, वाळून ढेकूळ झालेला, आणि टाकीखालच्या कापडी पट्ट्या ओल्याच होत्या. खळग्याचं पाणी जायचं भोक चिखलाने पूर्ण बुजलेलं होतं. खडूची चाचणी केली. ड्रेन नट कोरडा, गेजही कोरडा. ओल दोन जागी आली, दोन्ही तळाला, बरोबर त्या पट्ट्या जिथे टेकत होत्या तिथे. एम-सील नखाने निघून आलं, त्याच्याखाली पत्रा काळा आणि खवल्याखवल्यांचा आहे. टाचणीने हलकंच टोचलं तर आणखी एका जागी आरपार गेली. वरचा पत्रा मात्र ठणठणीत आहे, आतून तळाला लालसर गंज दिसतो.

आतून ओतायचं टाकीचं सीलर मिळतं, ते ओतून भागेल का? दोन्ही फिटर म्हणतात की तेच करा, स्वस्त पडेल.

ओझर_फिटर

सीलरबद्दल माझं मत स्पष्ट आहे. विमानात टाक्यांच्या सांध्यांना पॉलिसल्फाइडचं सीलंट असतं आणि ते वर्षानुवर्षं टिकतं. पण ते टिकतं कारण लावण्याआधी धातू इतका स्वच्छ करतात की बोटाचा ठसाही चालत नाही, आणि खालचा पत्रा स्वतः भक्कम असतो. गंजाच्या पापुद्र्यावर ओतलेलं सीलर धातूला चिकटतच नाही, ते गंजाला चिकटतं. गंज सुटला की तेही सुटतं, मोठमोठे पापुद्रे होऊन. ते पापुद्रे पेट्रोल ओढणाऱ्या पिकअप पाइपच्या तोंडाशी जातात आणि गाडी चढावर बंद पडते. दोष कार्ब्युरेटरला आणि पंपाला दिला जातो.

शिवाय आता पंपावर ई२० मिळतं, म्हणजे पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. जुन्या धाटणीची काही सीलर त्यात मऊ पडतात. घ्यायचंच असेल तर इथेनॉलला टिकणारं, दोन भागांचं इपॉक्सी घ्या, आणि आधी टाकीतला गंज पूर्ण काढा. टाचणी आरपार जाते त्या पत्र्याला मात्र कुठलंही सीलर आधार देऊ शकत नाही.

कथील_आणि_शिसं

बरं झालं खळगा तपासलात. टाकी खाण्याचं काम पेट्रोलने केलेलं नाही, त्या पट्ट्यांनी केलंय. जीप मुळात युद्धासाठी काढलेली गाडी, टाकी खळग्यात बसवली आणि खळग्याला पाणी जायला भोक ठेवलं. भोक उघडं तोवर सगळं ठीक. आपल्याकडे त्र्यंबक-इगतपुरीचा पाऊस, शेतातला गारा, बुटांची माती. भोक बुजलं की खळग्यात पाणी उभं राहतं. टाकी हलून आवाज करू नये म्हणून खाली घातलेल्या कापडी पट्ट्या ते पाणी पितात आणि वर्षभर पत्र्याला लावून धरतात. टाकी बाहेरून कुजते. आतून इथेनॉलवालं पेट्रोल हवेतलं पाणी ओढून घेतं, गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर ते पाणी इथेनॉल बरोबर घेऊन तळाला वेगळं बसतं, मग आतूनही सुरुवात होते. तुमच्या पत्र्याला दोन्हीकडून मार बसलाय.

म्हणून माझा सल्ला असा आहे. या टाकीला डाग मारू नका. एखादं भोक असतं, आजूबाजूचा पत्रा खणखणीत असता, तर मी स्वतः म्हटलं असतं की डाग मारा, त्यापुढे वीस वर्षं बघायला नको. डागाला धरायला चांगला पत्रा लागतो. खवले पडलेल्या पत्र्यावर कथील पसरतच नाही, घासून चमक आणायला गेलात तर कानशीच आरपार जाईल. पूर्ण तळ कापून नवा बसवता येतो, आम्ही बसवलेत. वरचा भाग चांगला असल्यामुळे तुमच्या टाकीला ते शक्य आहे. पण त्या कामात लांबलचक शिवण जोडावी लागते, तीही जुन्या, पेट्रोल प्यालेल्या पत्र्याला. असं काम मनापासून करणारे हात आता कमी राहिलेत. तुमचे वडील दर रविवारी त्या टाकीवर बसून गाडी चालवतात, अक्षरशः तिच्यावर. तिथे शंभर टक्के खात्री नसेल तर मी नाही म्हणेन.

नवी बनवा. जीआय पत्र्याची मात्र नको. जीआयवरचा जस्ताचा थर साध्या पाण्याला चांगला, पण इथेनॉल आणि पाणी एकत्र आलं की जस्ताचे पांढरे क्षार सुटतात आणि कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतात. मूळ टाकीच्या पत्र्याला शिसं-कथिलाचा मुलामा असायचा, तोही जास्त इथेनॉलपुढे तग धरत नाही. दिल्लीहून येणारी तयार टाकी घ्यायची असेल तर आधी आतून कोणतं कोटिंग आहे ते लेखी विचारा. गेजची पाच भोकं, पाइपची जागा आणि भरायचं तोंड तुमच्या जुन्या टाकीशी मोजून जुळतंय का तेही पाहा. उजव्या आणि डाव्या हाताच्या गाड्यांच्या टाक्या एकमेकींच्या उलट असतात, परदेशी मापाची आली तर तोंड गाडीच्या आतल्या बाजूला येईल.

माझ्या मते तुमच्यासाठी ३०४ ग्रेडचं स्टेनलेस स्टील उत्तम. त्याबद्दल आर्गन वेल्डिंगवाल्यांनी सांगावं, माझा हात कथिलाचा आहे.

अंबड_आर्गन

मी सांगतो. आमचा रोजचा धंदा स्टेनलेस टाक्यांचाच, वायनरीच्या आणि दुधाच्या. नाशिकला द्राक्षांमुळे एक बरं झालंय, दिंडोरी-सातपूर-अंबड पट्ट्यात पातळ स्टेनलेसवर स्वच्छ आर्गन वेल्डिंग करणारे हात भरपूर आहेत. त्यांच्यापैकी कुणालाही तुमची जुनी टाकी नमुना म्हणून दाखवा. पण नमुना वेल्डिंगच्या खोलीत न्यायचा नाही, बाहेर ठेवूनच मापं घ्यायची. पुठ्ठ्याचा साचा करून नेलात तर त्याहून चांगलं.

पत्रा १.२ मिलिमीटर घ्या. आतली बाजूही आर्गनने भरलेली ठेवून वेल्ड करायला सांगा, नाहीतर आतून शिवण जळून काळी आणि दाणेदार होते, गंजाची सुरुवात तिथूनच. मधे आडवी पट्टी हवीच, खाली दोन कोपरे कापलेली. ती नसली तर अर्ध्या टाकीत पेट्रोल वळणावर एका बाजूला धावतं, पाइपचं तोंड उघडं पडतं आणि गाडी झटके देते. आत जाणारा पाइप तळापासून बोटभर वर ठेवा, म्हणजे खाली बसलेला गाळ आणि पाणी ओढलं जात नाही. तळाच्या सगळ्यात खोल जागी ड्रेनचा नट ठेवा.

टाकीला कान वेल्ड करून बोल्टने बसवायचा मोह होईल. तसं करू नका. जीप कच्च्या रस्त्यावर थरथरते, पातळ स्टेनलेस बरोबर त्या कानाच्या कडेला चिरतं. मूळ रचनेतला पट्टाच वापरा, टाकी त्याच्या मिठीत राहू दे. पट्ट्याखाली आणि टाकीखाली रबर घाला, पेट्रोलला टिकणारं, नायट्राइल. आधीसारखं कापड किंवा फेल्ट नको, ते पाणी धरतं. रबराच्या पट्ट्या पूर्ण रुंदीच्या न घेता तुकड्यांत लावा, मधून पाणी वाहून जायला वाट राहते.

आणि हे विसरलात तर हमखास फोन कराल: रबरावर बसली की टाकीला अर्थिंग मिळत नाही. मग पेट्रोलचा काटा हलतच नाही, किंवा उगाच नाचतो. गेजच्या एका स्क्रूपासून चासीपर्यंत वेगळी वायर ओढा. त्यामुळे काटाही चालेल आणि पेट्रोल भरताना साचणारी स्थिर वीजही निघून जाईल.

नाशिकरोड_६९

झाकणाकडेही बघा. जीपच्या मूळ झाकणाला श्वासाचं बारीक भोक असतं. बाजारात दिसायला तेच पण बंद झाकण मिळतं. ते लावलं की थोड्या वेळाने टाकीत निर्वात होतं, पंप ओढतो पण पेट्रोल येत नाही. गाडी बंद पडली, झाकण उघडल्यावर ‘फुस्स’ असा आवाज आला आणि गाडी पुन्हा चालू झाली, तर ओळखायचं.

मखमलाबादकर

वडिलांशी बोललो. नवी टाकी ३०४ मध्येच, आणि वडिलांची एकच अट आहे की बाहेरून तिला मूळ काळा रंग हवा, स्टेनलेसची चमक दिसायला नको. अंबडच्या एका कारागिराला पुठ्ठ्याचा साचा दिलाय.

दोन शंका आहेत. रबरी पाइप किती बदलू? आणि गाडी आता पन्नाशी पार झालीय, तर पुढेमागे व्हिंटेज नोंदणी करायची म्हटलं तर नव्या टाकीची आडकाठी येईल का?

ओझर_फिटर

पाइप सगळेच बदला, टाकीपासून पंपापर्यंत आणि पंपापासून कार्ब्युरेटरपर्यंत. पाइपवर इथेनॉलला चालणारा दर्जा छापलेला असतो, नसेल तर घेऊ नका. जुना रबर ई२० मध्ये आतून फुगतो आणि बाहेरून चिरतो, आणि त्याचा तुकडा पाइप चालू असतानाच आत झडपेसारखा आडवा येतो. पंपाचा पडदाही बघून घ्या, तोही त्याच काळातला असेल. पंपाच्या काचेच्या वाटीचं बुचाचं गॅस्केट नवं टाका.

नोंदणीबद्दल. जुलै २०२१ ची केंद्राची अधिसूचना आहे, पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज धरतात. त्यात अट चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठे बदल नसावेत अशी आहे. सुरक्षेसाठी बदललेली, त्याच जागी त्याच पट्ट्याने बसलेली, बाहेरून तशीच दिसणारी टाकी हा मोठा बदल म्हणता येणार नाही असं मला वाटतं. तरी जुन्या आणि नव्या टाकीचे शेजारीशेजारी फोटो काढून ठेवा, बिल जपून ठेवा. व्हिंटेज नोंदणीनंतर गाडी रोजच्या वापराला चालत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. वडिलांची धरणावरची चक्कर हवी असेल तर घाई करू नका.

कथील_आणि_शिसं

नवी टाकी बसवण्याआधी खळगा वायर ब्रशने पांढरा होईपर्यंत घासा, रेड ऑक्साइड दोन हात आणि वर ऑइल पेंट. पाणी जायचं भोक आहे त्याहून थोडं मोठं करून घ्या आणि दर पावसाळ्याआधी त्यातून तार घाला. तेवढं एक काम वडिलांना सांगून ठेवा, ते आवडीने करतील.

पहिल्यांदा पाच लिटरच पेट्रोल भरा. रात्रभर खाली कोरडा पुठ्ठा अंथरून ठेवा, उघड्यावर. सकाळी पुठ्ठा कोरडा असेल तर अर्धी भरून पुन्हा एक रात्र, मग पूर्ण भरून एक रात्र. पूर्ण भरल्यावरच गेजचं गॅस्केट आणि भरायच्या तोंडाचा जोड कळतो.

राहिली जुनी टाकी. वडिलांना ठेवायची असेल तर सोड्याच्या उकळत्या पाण्याने धुऊन, वाफ देऊन, सगळी तोंडं उघडी ठेवून ठेवा, झाकण लावून बंद करू नका. आणि कधी भंगारात द्यायचं ठरलं, तर तशीच गाडीवर टाकून देऊ नका. भंगारवाल्याकडचं पोरगं तिला थेट गॅस कटर लावतं, आत काय होतं ते त्याला कुणी सांगितलेलं नसतं. धुवा, वाफ द्या, काठोकाठ पाणी भरलेलं असताना छिन्नी-हातोड्याने तिला दोन मोठी खिंडारं पाडा, आणि देताना त्याला तोंडाने सांगा की ही पेट्रोलची टाकी आहे, कटर लावू नको.

मखमलाबादकर

सांगतो. वडील म्हणतायत की टाकी ठेवायची, वरचा पत्रा चांगला आहे. धुऊन, वाफ देऊनच ठेवेन. वाफ द्यायला तुमच्या दुकानात आणली तर चालेल का? पत्ता वैयक्तिक निरोपात पाठवा, मुलाला फोन करूनच येतो.

कथील_आणि_शिसं

या. सकाळी दहाच्या आत या, बॉयलर तेव्हाच पेटवलेला असतो. येताना टाकी बंद गाडीच्या डिकीत नको, उघड्या टेम्पोत, झाकण काढून आणा.